सनई, बासरी की पेन ड्राइव्ह? आधी गुरुजींच्या घड्याळाकडं बघ

"ताई, डिसेंबरात माझं लग्न आहे, कोल्हापुरातच. कार्यालय बुक झालंय, मुहूर्त दुपारी १२ वाजून ३६ मिनिटांचा. गाण्यावरनं घरात रोज वाद चाललाय. मला विधी चालू असताना लाइव्ह बासरी आणि व्हायोलिन पाहिजे, पुण्यात मैत्रिणीच्या लग्नात बघितलेलं, फार छान वाटलं होतं. पप्पा म्हणतात कार्यालयात सिस्टीम आहे, पेन ड्राइव्ह लावू, एवढा खर्च कशाला. आजोबा म्हणतात सनई-चौघडा नसेल तर मी येतच नाही. आत्यानं स्वतः पाच मंगलाष्टकं लिहिलीत, ती यूट्यूबवरच्या ट्रॅकवर म्हणणार आहे. भावाला वरातीला डॉल्बी पाहिजे. त्यात कार्यालयाचा मॅनेजर म्हणतोय रेकॉर्डेड गाणी लावायची तर लायसन्स आणा. बासरीवाल्यांना या आठवड्यात ॲडव्हान्स द्यायचाय. लाइव्ह घेऊ का रेकॉर्डेड? — एक नवरी, राजारामपुरी"

अगं नवरीबाई, आधी अभिनंदन, आणि तो ॲडव्हान्स दोन दिवस थांबव. दोन दिवसांत बासरीवाले कुठं पळून जात नाहीत.

तुझं पत्र वाचलं आणि मला तर तुमच्यात भांडणच दिसेना. तू विधींबद्दल बोलतेयस, आजोबा मुहूर्ताच्या क्षणाबद्दल बोलतायत, पप्पांच्या डोक्यात पंगत आणि रिसेप्शन आहे आणि भाऊ तर कार्यालयाच्या बाहेरच उभा आहे, रस्त्यावर. चौघं चार वेगळ्या वेळांबद्दल बोलतायत आणि "लग्नातलं म्युझिक" म्हणून सगळ्याचं एकच गाठोडं बांधलंय, मग लाइव्ह की रेकॉर्डेड असा प्रश्न पडणारच आणि तो सुटणार पण नाही. मला विचारशील तर प्रत्येक वेळेला एकच गोष्ट बघायची, की इथं वाजवणाऱ्याला समोर बघून थांबायला, लांबवायला किंवा पटकन आवरायला लागणार आहे का. लागणार असेल तर तिथं माणूस पाहिजे. नसेल तर पेन ड्राइव्ह लाव की खुशाल, त्यात काही कमीपणा नाही.

आता तुझ्या १२.३६ चं बघू, कारण खरी गंमत तिथंच आहे. मंगलाष्टकं म्हणजे काही अमुक इतक्या मिनिटांचा ठरलेला कार्यक्रम नाही. गुरुजी पाच-सात मिनिटं आधी सुरू करतात, पण सुरू करायच्या वेळेला तुझा मामा कुठं असणार माहितीये का, पार्किंगमध्ये. मग कुणीतरी त्याला हुडकायला जाणार, अंतरपाट धरायला माणसं मिळेनात म्हणून दोन भावांना ओढून आणणार, अक्षता मागच्या खुर्च्यांपर्यंत पोचलेल्या नसणार, फोटोग्राफर म्हणणार एक मिनिट गुरुजी, आणि या सगळ्यात गुरुजींचा एक डोळा घड्याळावर. वेळ उरली तर ते नद्यांच्या नावांचा श्लोक संथ लावून म्हणतात, आणखी एखादा जास्तीचा घेतात, वेळ भरत आली तर मधले दोन गाळून थेट "तदेव लग्नं"वर येतात. पूर्वी पाण्यात घटिकापात्र, म्हणजे तळाला भोक असलेली वाटी, सोडून हे चालायचं, एक घटका म्हणजे २४ मिनिटं, आता मोबाइल बघतात एवढाच फरक. पण काम तेच, शेवटचं "सावधान" मुहूर्तावर पडलं पाहिजे.

आणि ते पडलं रे पडलं की त्याच सेकंदाला वाजायला पाहिजे. आपल्याकडं कुणीतरी काका हात वर करून "वाजवाऽऽ" म्हणून ओरडतोच, पण सनईवाला त्या ओरडण्याची पण वाट बघत नसतो, तो गुरुजींच्या हाताकडं बघत असतो, अंतरपाट हलला की त्याचा श्वास भरलेला असतो. हे पेन ड्राइव्हला कसं जमणार सांग. सिस्टीमवाला पोरगा नेमका तेव्हा चहाला गेलेला असतो, नाहीतर कुणाच्या तरी फोनचं ब्लूटूथ मधेच कनेक्ट होतं, नाहीतर यूट्यूबवरनं लावलेलं असेल तर अक्षता पडतायत आणि स्पीकरवर सिमेंटची जाहिरात. हसू नकोस, असल्या लग्नांत मी जेवून आलेय.

म्हणून मुहूर्ताला आजोबांचं ऐक. सनईवर एक, सूर धरायला एक, चौघड्यावर एक-दोघं, एवढी माणसं पुरतात, आणि त्यांना माइक लागत नाही, सनई मुळातच देवळाबाहेर, नगारखान्यात, उघड्यावर वाजवायचं वाद्य, तुझं कार्यालय ती एकटी भरून टाकेल. कोल्हापूरच्या म्हाताऱ्या माणसांना सनईशिवाय लग्न लागलंय असं वाटतच नाही, त्याला आपण काय करणार, जुन्या राजवाड्याला नगारखाना असलेलं गाव आहे हे.

आता पप्पा म्हणतील की मग बिस्मिल्ला खाँसाहेबांचं रेकॉर्डिंगच लावू, एवढ्या मोठ्या माणसापुढं आपले गावातले वाजंत्री कुठं. बरोबर आहे, भारतरत्न मिळालेला माणूस, २००१ मध्ये, त्यांच्या सनईबद्दल मी काय बोलू. पण ते रेकॉर्डिंग शांत बसून ऐकणाऱ्यांसाठी आहे गं. सुरुवातीची दहा मिनिटं आलाप, एकदम हळू, आणि तुझ्या कार्यालयात पाचशे माणसं बोलतायत, वर पंखे, खाली खुर्च्या सरकवणं. आलाप ऐकूच येत नाही म्हणून सिस्टीमवाला आवाज चढवतो, मग द्रुत, म्हणजे जलद लय, सुरू झाली की लोक कानावर हात घेतात, मग तो एकदम खाली करतो. समोर बसलेला सनईवाला गर्दी बघून आपोआप वरच्या सुरात जातो आणि गुरुजी बोलायला लागले की गप्प बसतो. तो कदाचित तेवढा मोठा कलाकार नसेल, पण तुझ्या लग्नात तो आहे.

त्यांची व्यवस्था मात्र नीट कर. बसायला उंचवटा किंवा निदान गालिचा, तिथनं स्टेज दिसलं पाहिजे (खांबामागं बसवलं तर वर लिहिलेलं सगळं वाया), पोचल्या पोचल्या चहा, निघताना नारळ-सुपारी आणि ठरलेले पैसे रोख, आणि जेवण पहिल्या नाहीतर दुसऱ्या पंगतीला. शेवटच्या पंगतीला, भात संपल्यावर, असं नको. हे काम आजोबांनाच सांग, ते आवडीनं करतील आणि तुझ्या मागची भुणभुण पण संपेल.

आता तुझी बासरी आणि व्हायोलिन. तुझं मन मोडत नाही, पण त्यांना फोन करून दोन गोष्टी विचार. पहिली, तुमच्याबरोबर तबला किंवा कीबोर्डवाला माणूस असतो का तुम्ही लॅपटॉपवरच्या ट्रॅकवर वाजवता? कारण बऱ्याच ठिकाणी "लाइव्ह" म्हणजे मागं ताल आणि कॉर्ड सगळं रेकॉर्डेड आणि वर एक बासरी असं असतं. ऐकायला छान लागतं, वाईट काही नाही, पण ट्रॅक चार मिनिटांचा असेल तर चार मिनिटांनीच थांबणार, मधेच गुरुजी म्हणाले "वधूच्या आईवडिलांनी पुढं या" तर बासरीवाला बिचारा थांबेल, ट्रॅक थांबणार नाही. म्हणजे पैसे लाइव्हचे आणि अडचण पेन ड्राइव्हची.

दुसरी गोष्ट, साउंड कुणाचा? कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी या सगळ्याला गुरुजी माइकवर मंत्र म्हणत असतात आणि आजकालचे गुरुजी मधेमधे मराठीत अर्थ पण सांगतात, मला तरी ते आवडतं, सातवं पाऊल कशासाठी टाकतोय हे नवरा-नवरीला कळलेलं बरं. त्याच सिस्टीमवर त्याच वेळेला बासरी आली की दोघांचाही चिखल. मैत्रिणीच्या लग्नात तुला जे छान वाटलं ते बहुतेक पाहुणे येत असताना किंवा तू... म्हणजे ती नवरी, स्टेजकडं चालत येतानाचं असेल, जरा आठवून बघ. विधीच्या ऐन मंत्रांवर नसेल.

तर माझं म्हणणं असं, बासरी-व्हायोलिन ठेवायचंच असेल तर सकाळी पाहुणे यायला लागल्यापासनं तू मांडवात येईपर्यंत ठेव, मंत्र सुरू झाले की त्यांनी थांबायचं, आणि विधींच्या मधल्या रिकाम्या वेळा, साडी बदलायला तू जाशील तेव्हा वगैरे, तेवढ्या त्यांनी भरायच्या. साडी बदलायला किती वेळ लागेल हे देवाला पण सांगता यायचं नाही, तिथं माणूसच बरा. बाहेर लॉनवर बसवणार असशील तर बासरीच्या माइकवर वारं बसतं, नुसता भस्सभस्स आवाज येतो, त्यांना आडोसा बघून जागा दे.

आणि पुण्याहून बोलवायची गरज आहे का तेही बघ. जाण्यायेण्याचा, राहण्याचा खर्च धरलास का? अल्लादिया खाँसाहेबांसारख्या गवयाला शाहू महाराजांनी दरबारात ठेवलेलं हे गाव, गायन समाज देवल क्लब ही संगीताची संस्था १८८३ पासनं चाललीय, शिवाजी विद्यापीठात संगीताचा वेगळा विभाग आहे, तानपुरे-सतारी घडवणारं मिरज इथनं पन्नासेक किलोमीटरवर. या ठिकाणी जाऊन नुसतं विचारलंस तरी शिकवणारे लोक चांगली तयार पोरं सांगतात, तबल्यासकट, आणि ती पोरं ट्रॅक मागत नाहीत. आधी एकदा समोर बसून ऐक मात्र. रील बघून ठरवू नकोस, रीलमध्ये आवाज नंतर बसवलेला असतो.

आत्याचं प्रकरण नाजूक आहे. आत्याला नाही म्हणता येत नाही, म्हणू पण नकोस, पुढं पन्नास वर्षं ऐकून घ्यावं लागेल. पण तो ट्रॅक काढून टाक. ट्रॅकचा सूर ठरलेला, लय ठरलेली, आत्याचा आवाज त्या पट्टीत बसला नाही तर तिसऱ्या ओळीला वर गेल्यावर चिरकणार, आणि मंगलाष्टकं बहुतेक शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात, एका ओळीला १९ अक्षरं, बारानंतर जरा थांबायचं, आणि आत्यानं त्यात सगळ्या काका-मामांची नावं कोंबली असणार (कोंबलीत ना?), तिला श्वास घ्यायला ट्रॅक कुठनं थांबणार. त्यापेक्षा मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप, तिच्या पट्टीत लावून, एका छोट्या स्पीकरवर. हे सगळं रेकॉर्डेडच, पण तानपुऱ्याला सुरुवात नाही शेवट नाही, आत्या थांबली तरी तो वाजत राहतो, त्यामुळं तो चालतो. मिरजेचा खरा तानपुरा, ज्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, तो कुणाकडं असेल आणि छेडायला माणूस असेल तर दुधात साखर, पण त्यासाठी धावाधाव नको. पाचाची दोन कर म्हणावं. एक कडवं संथ म्हटलं तरी मिनिट-सव्वामिनिट जातंच, पाच म्हटली तर गुरुजींच्या हातात वेळच उरत नाही. दोन आत्याची, तीही सुरुवातीला, शेवट गुरुजींनी करायचा आणि ती म्हणत असताना सनई बंद. उरलेली तीन रिसेप्शनला म्हणू दे, तिथं पाहिजे तेवढा वेळ आहे.

मॅनेजरचं एक सांगते, कारण ह्यात बरेच लोक उगाच पैसे भरून बसतात. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्याचं कलम ५२, त्यात (१)(झेडए) म्हणून पोटकलम आहे, धार्मिक समारंभात गाणं वाजवलं किंवा रेकॉर्ड लावली तर तो भंग होत नाही, आणि धार्मिक समारंभात लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले बाकीचे समारंभ पण धरलेत, असं तिथंच स्पष्टीकरणात लिहिलंय. केंद्र सरकारच्या उद्योग विभागानं, डीपीआयआयटीनं, २४ जुलै २०२३ ला जाहीर नोटीस काढून हेच परत सांगितलं. पप्पांना म्हणावं त्या नोटिशीची प्रिंट काढा आणि मॅनेजरला दाखवा, शांतपणे, भांडू नका, अजून मांडव घालायचाय त्याच्याकडं. मात्र ही सूट लग्नात वाजवण्यापुरती. तोच व्हिडिओ सिनेमाच्या गाण्यासकट इन्स्टावर नाहीतर यूट्यूबवर टाकलास की आवाज म्यूट होऊ शकतो, तो वेगळा विषय. तिथं परत सनईचाच फायदा, व्हिडिओवाल्याला सांग मुहूर्ताला वरनं गाणं चिकटवू नको, जे वाजलं तेच ठेव. सनईवाल्यांना पण आधी विचारून घे व्हिडिओ टाकणार म्हणून, साधी रीत आहे.

पप्पांचा पेन ड्राइव्ह आता. जेवण, रिसेप्शन, फोटोची लांबलचक रांग, ह्या सगळ्याला रेकॉर्डेडच लाव, इथं कुणी ऐकत नसतं आणि ऐकू पण नये, लोकांना गप्पा मारायच्या असतात. आवाज एवढाच की शेजारच्याला "अजून एक जिलबी घ्या" म्हटलेलं ऐकू गेलं पाहिजे. गाणी डाउनलोड करूनच घे, फायलींना आधी नंबर घाल म्हणजे क्रमानं वाजतात, फोनवरनं लावणार असाल तर तो फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर "ट्रू-कॉलर: लोन ऑफर" असं अख्ख्या हॉलमध्ये वाजेल. आणि एक चुलतभाऊ नाहीतर मैत्रीण, ज्याला जेवायची घाई नाही असा, त्याच्या ताब्यात सगळं दे. कार्यालयाच्या पोरावर सोडलंस तर तो त्याच्या आवडीची गाणी लावणार, आणि त्याची आवड काय असेल ते लग्नात उपयोगाचं असेलच असं नाही.

पाठवणीला मात्र कुठलंही गाणं नको, हे माझं अगदी वैयक्तिक मत. मुलगी निघताना रडवायचं गाणं मुद्दाम मोठ्यानं लावायची पद्धत कुणी काढली देव जाणे, ज्याला रडायचं तो रडतोच, आणि जिला रडू येत नाही ती नवरी बिचारी कॅमेऱ्यासमोर तोंड पाडून उभी. सनईवाले अजून असतील तर त्यांना भैरवी वाजवायला सांग, नसतील तर तसंच निघा.

भावाचं डॉल्बी. त्याला माझ्याकडनं सांग, २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमात रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, दवाखाना-शाळा-कोर्टाच्या आसपास १०० मीटर तर दिवसा पण शांतता क्षेत्र, आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, जी डॉल्बी चालू करायच्या आधी जनरेटरच ओलांडतो. गणपतीच्या ठरावीक दिवसांना मिळते ती सवलत ह्याच्या वरातीला नाही. राजारामपुरीत दवाखाने किती आहेत त्यानंच मोजावेत. त्यापेक्षा हलगी-घुमकं, आपली हातानं वाजवायची चामड्याची वाद्यं, आण की, नाद खुळा, पाच माणसांत अख्खी गल्ली नाचते आणि नवरदेवाच्या घोड्यापुढं कुणी म्हातारं आलं तर हात केला की थांबतात, डॉल्बीवाला थांबत नाही. आवाज हलगीचाही कमी नसतो, त्यामुळं दवाखान्यापुढं गप्प जायचं हे आधीच सांगून ठेवा. कातडी हलगी असेल तर वाजवायच्या आधी ती शेकावी लागते, डिसेंबरच्या गारव्यात तर नक्कीच, त्याला थोडा जाळ करायला कार्यालयाच्या बाहेर जागा लागेल, मांडवाच्या कापडापासनं लांब. हेही मॅनेजरला आधी विचार, त्या दिवशी नको.

ॲडव्हान्स आधी सनईवाल्यांना दे. तुळशीचं लग्न झालं की एका तिथीला दहा लग्नं असतात आणि गावात चांगल्या सनया मोजक्या, त्या आधी जातात. त्यांना मुहूर्त आणि गुरुजींचा नंबर दोन्ही लिहून पाठव. मग बासरीवाल्यांना फोन कर, ट्रॅक का तबला आणि साउंड कुणाचा एवढंच विचार, ट्रॅक म्हणाले तर सोड. तबला म्हणाले तर कोल्हापुरातल्या कुणाकडनं तरी एक दर काढून ठेव आणि दोन्ही आकडे पप्पांपुढं ठेव, सनईचा खर्च आधीच धरलेला असेल तर ते बासरीला नाही म्हणणार नाहीत असं मला वाटतं, आणि म्हणालेच तर आजोबांना पुढं कर, त्यांचं काम झालेलं असणार, ते आता तुझ्या बाजूनं बोलतील.